गुणांक उणे

सहदेव राऊळ सर कल्याणच्या आमच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे आणि मी ऑफिसात टायपिंग करायचे. बावीस वर्षं आमचं भांडण चाललं ते शब्दांवरून. मी नोटीस टाईप करायची, शिपायाने ती फळ्यावर लावायची आणि सरांनी ती काढून, लाल पेन घेऊन पुन्हा माझ्या टेबलापाशी यायचं. "संचिताबाई, हजेरी साठ टक्क्यांवरून सत्तर टक्क्यांवर गेली, तर ती दहा टक्क्यांनी वाढली असं नाही म्हणता येत. साठावर दहा म्हणजे जवळपास सतरा टक्के."

"वाढली ना? मग झालं तर," मी म्हणायचे.

"झालं कसं? शब्द चुकला की माणूस चुकतो," असं म्हणून ते खुर्ची ओढून बसायचे. पुढची पंधरा मिनिटं माझं काम ठप्प. असा चिवट माणूस मी दुसरा पाहिला नाही. राग यायचा खूप, पण एक दिवस ते आले नाहीत की चुकल्यासारखंही वाटायचं, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

सर मूळचे सावंतवाडीकडचे. वडील लवकर गेले. आई काजूच्या कारखान्यात बिया सोलायची. त्या चिकाने तिच्या बोटांची कातडी जळायची, आणि पगाराच्या कागदावर ती तोच काळा पडलेला अंगठा उठवायची. सर शिकले मराठी शाळेत. कॉलेजच्या पहिल्या वर्षी इंग्रजीत नापास झाले आणि शेवटच्या वर्षी पहिल्या वर्गात आले. नोकरीसाठी इकडे आले ते आंबिवलीला खोली घेऊन राहिले, आणि आंबिवलीचेच झाले. साखर नसलेला चहा, इस्त्रीचा पण कॉलर विरलेला शर्ट, आणि तोंडी एक पालुपद: 'बाकी सगळं सारखं धरलं तर.' स्टाफरूममध्ये त्यावरून त्यांची भरपूर टिंगल व्हायची. कोणी डबा उघडला आणि भाजी खारट निघाली, की दुसरा लगेच म्हणायचा, "बाकी सगळं सारखं धरलं तर बरी आहे." सरही हसायचे.

तीन वर्षांपूर्वी कॉलेजच्या तपासणीला समिती यायची होती. प्राचार्यांना काहीतरी नवं दाखवायचं होतं. सरांनी कल्पना सांगितली आणि ती लगेच उचलली गेली. मागच्या पाच वर्षांच्या अकराशे मुलांचे आकडे काढायचे: दहावी-बारावीचे टक्के, शाळेचं माध्यम, घरून कॉलेजला यायला लागणारा वेळ, घरात कोणी पदवीधर आहे की नाही. त्यावरून, या वर्षी नव्याने आलेल्या प्रत्येक मुलाला पहिल्या वर्षी दहापैकी साधारण किती श्रेणी मिळेल, याचा आधीच अंदाज बांधायचा. ज्यांचा अंदाज खाली येईल त्यांच्याकडे वेळीच लक्ष द्यायचं. याला पुस्तकात 'समाश्रयण' म्हणतात. आम्ही त्याला 'सरांचा आश्रम' म्हणायचो.

सर मला ते समजावून सांगायचे. मी ऐकते आहे की नाही, याची त्यांनी कधी फिकीर केली नाही. "हे बघा, प्रत्येक गोष्टीपुढे एक आकडा येतो. त्याचं नाव गुणांक. मराठी माध्यमापुढे उणे शून्य पूर्णांक सहा दशांश आलाय. म्हणजे काय? दोन मुलं घ्या. बाकी सगळं सारखं धरलं तर, मराठी शाळेतलं मूल पहिल्या वर्षी सरासरी एवढंसं मागे पडतं. सरासरी हं. हा घोळक्याचा आकडा आहे. एका पोराच्या कपाळावर तो लिहिलेला नसतो."

मग त्यांनी गंमत म्हणून स्वतःचेच जुने आकडे त्यात घातले. गणिताने सरांना जेमतेम पास केलं. "मला ओळखलं नाही यानं," म्हणून ते केवढे खूष झाले होते! कधी नव्हे तो त्या दिवशी त्यांनी मला चहा पाजला.

एकसष्ट मुलांचे अंदाज खाली आले. प्राचार्य म्हणाले, पालकांना पत्रं जाऊ द्या, मराठीतून, म्हणजे समितीला फाईलही दाखवता येईल. पत्राचा मजकूर सरांनी लिहिला. मी टाईप करायला घेतला तेव्हा त्यांना म्हटलं होतं, "सर, गुणांकबिणांक कशाला? साधं काहीतरी लिहा की."

"साधं म्हणजे चुकीचं का? शास्त्रातला शब्द आहे, तोच हवा."

मी तसंच टाईप केलं. खरं सांगायचं तर बावीस वर्षं त्यांच्या शेजारी बसूनही 'गुणांक' म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे मार्कशीटच यायचं. पण विचारलं असतं तर आणखी पंधरा मिनिटं गेली असती.

कृतिका भोईर ही त्या एकसष्टांतली एक. मानपाड्याच्या पुढचं तिचं गाव. बापाची, काळुरामची, जमीन टॉवरवाल्यांना गेलेली, दोन चाळींची भाडी येतात, घरात कशाची ददात नाही. पण त्या घरात कॉलेजची पायरी चढलेली ती पहिलीच. शिळ रोडवर रस्त्याचं काम, त्यामुळे बस आणि रिक्षा करून यायलाच तिला दीड तास लागायचा. बारावी होताच काळुरामने स्थळं बघायला सुरुवात केली होती. तिला कॉलेजात घातलं ते आईने. आवडाबाईने नवऱ्याला सांगितलं होतं, म्हणे, की पोर तीन वर्षं शिकेल, तोवर या घरात लग्नाचा विषय काढायचा नाही. कशावरूनही ती मागे हटली नव्हती. प्रवेशाच्या दिवशी फॉर्मवर आईच्या सहीच्या जागी अंगठा उठवताना ती मला म्हणाली होती, "नीट बघ गो बाय, पुसला तर नाय ना?"

पत्रं गेली. साठ घरांत त्यांचं काही झालं नाही. कोणी वाचून ठेवून दिलं, कोणी पोराला दोन शब्द सुनावले, एका बापाने फोन करून मला शिव्या दिल्या. ज्यांना वाचता येतं ते कागदाला फारसं जुमानत नाहीत. आवडाबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून तिने ते शेजारच्या पोरीकडून शब्दन्‌शब्द वाचून घेतलं आणि घडी करून कॉलेजात घेऊन आली.

तो परीक्षेचे फॉर्म भरायचा शेवटचा दिवस होता. खिडकीवर ही गर्दी. मला मान वर करायला फुरसत नव्हती. आवडाबाईने हात आत घालून तो कागद माझ्यापुढे धरला.

"बाय, यो गुणांक म्हंजे मार्कच ना?"

"हो, गुणच," मी म्हणाले.

"आनि उणे म्हंजे कमी?"

"कमीच."

मागून पोरं ओरडत होती. मग तिने कागदावरच्या तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. ओळ तिला वाचता येत नव्हती, पण ती कुठे आहे हे तिने पाठ केलं होतं. "आनि यो पॉइंट पाच?"

मी वाचलं. 'कुटुंबात पदवीधर नाही: गुणांक उणे ०.५.' मी म्हटलं, "घरात कोणी शिकलेलं नाही ना तुमच्या, त्याचं आहे ते."

"म्हंजे माजं."

"हो, घरातल्यांचंच."

"आनि परत्येक परीक्षेला?"

"अहो, ते आता वर्षभर तेच राहणार. मावशी, बाजूला व्हा जरा, मागे लाईन आहे."

ती बाजूला झाली. एवढंच. एक मिनिटसुद्धा लागलं नसेल. मी तिला एकही गोष्ट मुद्दाम खोटी सांगितली नाही, आणि एकही खरी सांगितली नाही.

दिवाळीच्या सुट्टीआधी सर ऑफिसात आले. त्यांच्या हातात अंतर्गत चाचणीचे पेपर होते. "भोईर कुठे आहे? वीसपैकी अठरा आहेत तिला. वर्गात पहिली. तीन आठवडे दिसली नाही." मग हसून म्हणाले, "ही पण गणिताला चकवणार बघा."

मी मजेत सांगितलं, तिची आई आली होती, गुणांक म्हणजे मार्क का, म्हणून विचारत होती.

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

मी जे सांगितलं होतं ते सांगितलं. सरांनी पेपर टेबलावर ठेवले. ते माझ्यावर ओरडले असते तर फार बरं झालं असतं. ते म्हणाले, "तुम्ही तेव्हाच म्हणाला होतात, साधं लिहा." आणि मग, "चला, जाऊन येऊ."

आम्ही रिक्षाने गेलो. घर तीनमजली, दारात नवी गाडी, ओटीवर नारळांची पोती आणि मांडववाल्याचे बांबू. बांबू बघून मी काय ते समजले. काळुरामने आम्हाला मानाने बसवलं, पाणी दिलं, चहा ठेवायला सांगितला. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "सर, खडवलीचा पोरगा हाय. हितेश. विटा-रेतीचा धंदा, निर्व्यसनी. साखरपुडा जाला. तुलशीच्या लग्नानंतरची पयली तारीख धरलीय. मी तं आधीपासून बोलत होतो. हीच आरवी यायची. आता हीच बोलली, उरकून टाका."

'ही' दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. कृतिका तिच्यामागे आत कुठेतरी होती; बांगड्या वाजत होत्या.

सर आवडाबाईकडे वळले. "ताई, तुमचा गैरसमज झालाय. गुणांक म्हणजे मार्क नव्हेत. कृतिकाचे मार्क कोणी कापलेले नाहीत. परीक्षा अजून व्हायचीय."

"तुमच्या हापिसान तं कापलं बोलले."

मी खाली बघितलं.

"चूक झाली," सर म्हणाले. "असं बघा, तुमची भातशेती होती ना? खाचराच्या खालच्या अंगाला पाणी साचतं. तिथे साधारण भात कमी येतं. आता खाली कमी येतं असं सांगणं वेगळं, आणि कोणी येऊन तुमच्या पायलीतलं भात काढून नेणं वेगळं. मी फक्त सांगितलं. काढलं काही नाही."

बावीस वर्षांत मी त्यांच्याकडून इतकं सोपं काही ऐकलं नव्हतं. आवडाबाईच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की तिला ते समजलं. ती जरा पुढे आली.

"मंग खालच्या खाचरान पेरायचंच नाय का?"

"पेरायचं! तिथेच जास्त लक्ष द्यायचं. म्हणून तर पत्र पाठवलं."

"मंग तं कागदान का नाय लिवलं?"

पत्रात ते खरंच नव्हतं. आकडे होते, सही होती, शिक्का होता. लक्ष देऊ, शिकवू, घाबरू नका, यातलं एक अक्षर नव्हतं. मीच टाईप केलं होतं, मला माहीत होतं.

थोड्या वेळाने सर म्हणाले, "ताई, माझी आईपण अंगठाच लावायची."

आवडाबाईने त्यांच्याकडे नीट बघितलं. "मंग तुमचे किती कापले?"

"तेव्हा कोणी मोजलंच नव्हतं," सर म्हणाले.

मी सरांकडे बघायचं टाळलं. चहा आला. सरांनी साखरेचा चहा मुकाट्याने प्यायला. त्यांनी काळुरामला विचारलं, लग्नानंतर शिकू देतील का सासरचे, निदान लग्नाआधीची, नोव्हेंबरची परीक्षा तरी? काळुराम म्हणाला, सबद दिलाय, आता मी कुठल्या तोंडाने जाऊ, हलद चार दिवसांवर असताना पोर पेपर लिवायला पाठवू का? आवडाबाई आत गेली होती. ती परत आलीच नाही. निघताना कृतिका फाटकापर्यंत आली आणि म्हणाली, "सर, मम्मी रात्री झोपत नाय. बोलते, तू किती पण अभ्यास कर, माझं ते उणे राहणारच ना. मी तिला खूप समजवलं. ती बोलते, तुला काय माहीत, शिक्का हाय त्याच्यावर."

लग्न झालं. आम्हाला पत्रिका आली. सर गेले नाहीत, मीही गेले नाही.

जूनमध्ये निकाल लागले आणि सरांनी त्यांचे अंदाज खऱ्या निकालांशी ताडून पाहिले. सरासरी चूक अर्ध्या श्रेणीचीसुद्धा नव्हती. प्राचार्यांनी त्यांना बोलावून शाबासकी दिली. अहवाल टाईप करायला मी तिथेच बसले होते.

"पत्रं एकसष्ट गेली होती," सर म्हणाले. "इथे साठच आहेत."

"एकीचा निकालच नाही ना. मग धरणार कशी?" प्राचार्य म्हणाले. त्यांचंही चुकत नव्हतं.

"तिचा रकाना रिकामा आहे म्हणून गणित तिला आपोआप वगळतं, सर. तिच्या बाबतीत आपण सगळ्यांत जास्त चुकलो, आणि तीच चूक यात येत नाही. ती गेली म्हणून आपला आकडा चांगला दिसतोय."

प्राचार्यांनी सांगितलं, की खाली एक तळटीप द्या. मी टाईप केलं: 'वगळलेले: एक.' सरांनी वाचलं आणि लाल पेन उघडलं. मग ते नुसतंच हातात धरून बसले आणि काही न खुणावता बंद केलं. त्या माणसाने माझा कागद न सुधारता सोडल्याची ती पहिलीच वेळ. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

पुढच्या वर्षी प्राचार्यांनी पुन्हा तेच करायला सांगितलं. सरांनी नाही म्हटलं. भांडले नाहीत, फक्त नाही म्हणाले. ते वर्गात समाश्रयण अजूनही शिकवायचे, पण त्यांच्या तोंडचं ते पालुपद गेलं. भाजी खारट निघाली तरी कोणी काही बोलेनासं झालं.

मागच्या महिन्यात कृतिका आली. बारावीचं मूळ मार्कशीट कॉलेजात जमा होतं, ते न्यायला. खडवलीहून एकटीच आली होती. जरा जाड झाली आहे. हातात हिरवा चुडा, आवाज तोच. मी शिपायाला पाठवून सरांना बोलावलं. बोलवावं की नाही हे मला कळत नव्हतं, पण न बोलावणं जमलं नाही.

ते आले, समोर बसले. कशी आहेस, बरी आहे, सासरचे लोक कसे आहेत, चांगले आहेत, असं बोलणं झालं. ती दुकानाचे हिशेब बघते म्हणाली.

"मम्मी कशी आहे?" मी विचारलं.

कृतिका एकदम हसली. "मम्मी ना? मम्मी शिकते! आमच्या चाळीत एक टीचर भाड्याने राहतात, त्यांच्याकडे रोज दुपारी पाटी घेऊन जाते. गावातल्या बायका हसतात तिला. अख्खी बाराखडी झाली, आता जोडाक्षरं चाललीत. दहावीचा फॉर्म भरणार आहे, बाहेरून."

"अरे वा," सर म्हणाले. कितीतरी महिन्यांनी त्यांचा चेहरा उजळलेला मी पाहिला. "कसं काय मनावर घेतलं?"

"नयनसाठी. माझी धाकटी बहीण, आता नववीत आहे. मम्मी बोलते, हिच्या टायमाला माझे मार्क कापू द्यायची नाय मी."

सरांचा चेहरा तसाच राहिला, फक्त त्यातलं हसू गेलं. त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. "कृतिका, तिला पुन्हा सांग गं. नीट सांग. कोणाचे मार्क कापत नाहीत. हवं तर मी येतो. मी लिहून देतो, सोप्या शब्दांत. तिला आता वाचताही येईल."

कृतिकाने मार्कशीट प्लास्टिकच्या पिशवीत सरकवलं आणि उठली.

"नको, सर," ती म्हणाली. "कापत नाहीत असं कळलं, तर ती शिकायचं सोडून देईल."